एकशे सत्तर पावलांचा रस्ता

फोन आला तेव्हा मी शब्दकोडं सोडवत होतो. एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालो त्याला आठ महिने होत आले होते, आणि रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याशी झुंजणं हीच माझी नोकरी झाली होती. त्या दिवशी आडवे शब्द भराभर सुटत होते, उभे अडून बसले होते. तेवढ्यात सलूनवाल्याचा फोन आला. "काका, पळत या. बेबीताईंना पोलिसांनी धरलंय."

मी घरातल्या सपाता घालून तसाच निघालो.

बेबी म्हणजे माझी धाकटी बहीण, वय वर्षं चौपन्न. तिला चांगलं भारदस्त नाव आहे, पण ते फक्त कागदोपत्री. सगळा रस्ता तिला बेबीताई म्हणतो आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नाही. तिने लग्न केलं नाही, रोपवाटिका केली. रस्त्याच्या खालच्या अंगाला तिची शेड आहे, तिथे विक्री चालते. वरच्या अंगाला हिरव्या जाळीखाली रोपं वाढतात. मधून सार्वजनिक रस्ता जातो. दोन्ही फाटकं समोरासमोर असती तर पुढचं काही घडलंच नसतं. पण वरच्या जमिनीला दगडी संरक्षक भिंत आहे, त्यामुळे तिकडचं फाटक पार चढावर, बेकरीच्याही पुढे. म्हणजे खालून निघायचं, रस्त्याने सलून मागे टाकायचं, बेकरी मागे टाकायची, आणि मग उजवीकडे आत वळायचं.

हे अंतर बेबी दिवसातून दहा-बारा वेळा कापायची, तेही बेडकावरून. बेडूक हे तिच्या गाडीचं नाव. चार फुगीर टायर, मोटरसायकलसारखं हँडल, ना दार ना छप्पर, मागे जोडलेला छोटा ट्रेलर. शेतातून, चिखलातून, दगडधोंड्यांतून चालवायची ही गाडी. खड्डा आला की टुणकन उडते आणि रंगाने हिरवीगार, म्हणून बेडूक. अकरा वर्षं बेबी तिच्यावरून ये-जा करत होती आणि कुणाच्याही मनात काही आलं नव्हतं. माझ्यासुद्धा नाही, आणि मी स्वतःला वाहतुकीच्या नियमांचा चालताबोलता कोश समजत होतो.

मी पोचलो तेव्हा बेडूक रस्त्याच्या कडेला उभा होता. ट्रेलरमध्ये टोमॅटोच्या रोपांचे ट्रे. सीटवर हाताची घडी घालून बेबी. समोर नव्याने बदलून आलेली वाहतूक पोलीस, जेमतेम अठ्ठावीस-तिशीची पोरगी, हातात वही.

"मावशी, ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही," ती सांगत होती.

"मी कुठे रस्त्यावर चालवते? मी नुसता रस्ता ओलांडते."

"ओलांडणं म्हणजे या कडेवरून त्या कडेला. तुम्ही रस्त्याने सरळ वर जाता. एकशे सत्तर पावलं. मी मोजलीत."

"तुमची पावलं आखूड आहेत," बेबी म्हणाली. "माझी एकशे तीसच भरतील."

पोलीसबाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी तो लगेच जागेवर आणला. आता आपण मध्ये पडायला हवं असं मला वाटलं. घसा साफ करून मी म्हणालो, "मॅडम, मी हिचा मोठा भाऊ. एकतीस वर्षं बस चालवली, गाडीला एक ओरखडा नाही. मला नियम माहीत आहेत."

"मग तुम्हीच सांगा यांना."

मी बेबीकडे वळलो. "बेबी, मॅडमचं बरोबर आहे गं."

"दादा, तू नक्की कुणाचा भाऊ आहेस?"

नियम सरळ होता. आपल्या जमिनीवर ही गाडी हवी तशी फिरवा, कुणी विचारणार नाही. पण सार्वजनिक रस्त्यावर आणायची तर तिची रस्त्यासाठी वेगळी नोंदणी हवी, नंबर प्लेट हवी, आरसे, इंडिकेटर, हॉर्न, विमा, सगळं हवं. बेडकाला पुढचा एक दिवा होता, तोही लहर आली तर लागायचा. पोलीसबाईंनी लेखी ताकीद दिली आणि पुन्हा गाडी रस्त्यावर चालवताना दिसली तर जप्त करीन असं बजावलं.

बेबीने ताकीद नीट वाचली. मग बोट ठेवून विचारलं, "इथे लिहिलंय 'चालवताना'. मी चालवलीच नाही, ढकलली तर?"

पोलीसबाईंनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं. चांगली दहा मिनिटं त्या पानं चाळत होत्या. सलूनवाला अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला घेऊन दारात येऊन उभा राहिला. शेवटी पुस्तक मिटून त्या म्हणाल्या, "इंजिन बंद हवं. गाडीवर कुणी बसायचं नाही. मग ढकलायला मनाई नाही."

"झालं तर मग," बेबी म्हणाली आणि खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ढकलायला कोण, तर मी. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "जा, जा, तेवढंच शब्दकोड्याला विश्रांती." बेबी बाजूने चालत हँडल धरणार, मी मागून जोर लावणार. बेडकाचं वजन अडीचशे किलोच्या वर, त्यात रिकामा का होईना ट्रेलर, आणि रस्ता चढाचा. तीस पावलांवर मला धाप लागली. पन्नासाव्या पावलाला मी ट्रेलरच्या फळीवर डोकं टेकवून उभा राहिलो. अडीचशे घोड्यांचं इंजिन आयुष्यभर पायाच्या अंगठ्याने हलवलेला माणूस मी. स्वतः घोडा व्हायची वेळ आली तेव्हा जीव मेटाकुटीला आला.

सलूनवाला कात्री खिशात खोचून धावत आला. पाठोपाठ बेकरीतून बेकरीवाला आला, कोपरापर्यंत पिठाने माखलेला. दोघांनी दोन बाजू धरल्या आणि बेडूक हलला. मी मनातल्या मनात हबकलो, कारण या दोघांचं चार वर्षं बोलणं बंद होतं. बेकरीवाला आपली मोपेड नेमकी सलूनच्या दारासमोर लावतो, यावरून एकदा तू-तू मैं-मैं झाली होती, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांकडे भिंतीकडे बघावं तसे बघत. आता दोघांचे खांदे एका फळीला लागले होते.

"जरा तुमच्या बाजूने जोर लावा," सलूनवाला शेवटी हवेत बघत म्हणाला.

"लावतोय की," बेकरीवालाही हवेत बघत म्हणाला. "तुमची बाजूच हलकी पडतेय."

वरच्या फाटकाशी पोचलो तेव्हा चौघांचेही चेहरे लालबुंद झाले होते. बेबीने पाण्याच्या टाकीजवळच्या शेगडीवर चहा टाकला. कुणीच नको म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघंही बोलावल्याशिवाय आले. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या बाई आल्या. शाळा आठची, त्यांना वेळ होता. त्यांच्या येण्यामागे आणखी एक कारण होतं. पोलीसबाईंनी त्या आठवड्यात रस्त्यावरच्या प्रत्येक दुचाकीची कुंडली काढली होती. बेकरीवाल्याच्या मोपेडची नंबर प्लेट पिठाने बुजली होती, ती त्यांनी उभं राहून धुवून घेतली. बाईंना आपली ई-बाइक आता जाते की काय असं वाटत होतं. पण पोलीसबाईंनी ती तपासली आणि सांगितलं, पायडल मारल्याशिवाय हिची मोटर चालत नाही, वेगही पंचवीसच्या वर जात नाही, म्हणजे नियमाने ही सायकलच. हिला नंबर नको, लायसन्स नको. बाईंना इतका आनंद झाला की तो कुठेतरी खर्च करायला हवा होता. त्यांनी तो बेडूक ढकलण्यात खर्च केला.

ढकलण्याचा कार्यक्रम अशा रीतीने रोजचाच झाला. बेबीने खेपा कमी केल्या. सकाळी एकदा वर, संध्याकाळी माल भरून एकदा खाली. उतारावर जोर लावायचा नसायचा, उलट सगळ्यांनी मिळून बेडकाला मागे ओढून धरायचं. त्यात हसण्याने हातातली ताकद जायची. सलूनवाला "हाँ, आता! सावकाश! डावीकडे!" असे हुकूम सोडायचा आणि त्याचं ऐकायचं नाही हे बाकीच्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. पोलीसबाई सुरुवातीला लांबून बघायच्या. नियम मोडतोय का एवढंच. मग एके दिवशी समोरून ट्रक आला तेव्हा त्या मध्ये येऊन हात दाखवून उभ्या राहिल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशी टोपी काढून ट्रेलरवर ठेवली आणि मागून खांदा लावला.

"मॅडम, तुम्ही?" मी म्हणालो.

"माझी ड्यूटी आठला लागते," त्या म्हणाल्या. "आत्ता मी कुणी नाही."

त्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी बेबीला विचारलं, "मावशी, हे असं किती दिवस चालणार? नोंदणीचा अर्ज का नाही करत? अशा गाड्या रस्त्यासाठी करून घेता येतात. आरसे बसवा, दिवे बसवा, तपासणीला न्या. गाडी पास झाली की तुमच्या लायसन्सची प्रत जोडा आणि काम झालं."

बेबी कपातल्या चहाकडे बघत राहिली.

"लायसन्स आहे ना?"

"नाही," बेबी म्हणाली.

माझ्या हातातला कप तसाच राहिला. "नाही म्हणजे? बेबी, तू अकरा वर्षं बिनलायसन्सची?"

"माझ्या जमिनीवर कशाला लागतंय?"

"आणि त्याआधी? इतकी वर्षं कधीच काढलं नाहीस? का?"

"तूच म्हणाला होतास."

"मी? काय म्हणालो होतो? कधी?"

बेबी शांतपणे बोलत होती, भांडायच्या सुरात नाही, एखाद्या रोपाबद्दल सांगावं तशी. "बावीस वर्षांची होते मी. बाबांच्या मोपेडवरून परीक्षेला गेले होते. इंग्रजी आठ काढायचा होता. वळणावर पाय टेकला, नापास झाले. घरी आले तेव्हा तू जेवत होतास. तुला नुकतीच बसची नोकरी लागली होती. मी सांगितलं, तर तू हसलास आणि म्हणालास, जाऊ दे बेबी, गाडी चालवणं तुझं काम नाही. मग मी जाऊ दिलं."

"मला आठवत नाही," मी म्हणालो. खरंच आठवत नव्हतं.

"तुला कशाला आठवेल? तू जेवत होतास."

तिच्या बोलण्यात राग असता तर बरं झालं असतं, मला उलट काहीतरी बोलता आलं असतं. पण ती ते हसून म्हणाली आणि कप विसळायला उठली. मी तिथेच बसून राहिलो. एकतीस वर्षांत एक ओरखडा नाही असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो, आणि हा एवढा मोठा मी स्वतःच्या घरात काढून ठेवला होता.

घरी जाऊन मी शब्दकोडं उघडलंच नाही. संध्याकाळी परत बेबीकडे गेलो. ती कुंड्या भरत होती. मी म्हणालो, "बेबी, चुकलो मी तेव्हा. आता तुला शिकवू दे."

"मला चालवता येते, दादा."

"चालवता येते. परीक्षा देता येत नाही. ती वेगळी विद्या आहे."

तिने हातातली खुरपी खाली ठेवली, मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "ओरडायचं नाही."

"नाही ओरडणार."

अर्थात मी ओरडलो. पहिल्याच दिवशी. लेखी परीक्षेसाठी मी तिला प्रश्न विचारत होतो. "चौकात चारही बाजूंनी गाड्या आल्या. आधी कोण जाईल?"

"ज्याचा माल उन्हात वाळतोय तो."

"बेबी!"

"मग काय, बरोबर नाही का?"

खुणा तिने दोन दिवसांत पाठ केल्या. रोपांच्या शेकडो जाती पानावरून ओळखणारी बाई ती, पाटीवरच्या खुणा काय चीज. खरी पंचाईत आरशांची. मेकॅनिककडून बेडकाला दोन आरसे, इंडिकेटर, नवा दिवा आणि हॉर्न बसवून आणला होता, पण बेबी आरशात बघेचना.

"अगं, वळायच्या आधी मागे कोण आहे ते बघ!"

"अकरा वर्षं माझ्या मागे रोपंच होती, दादा. ती ओव्हरटेक करत नाहीत."

यावर उपाय ढकलणाऱ्या मंडळींनी काढला. वरच्या जमिनीत वाफ्यांच्या मधून आम्ही रस्ते आखले. कुंड्यांचे दुभाजक केले. मी एका हातात लाल बादली आणि दुसऱ्या हातात हिरवी झारी घेऊन सिग्नल म्हणून उभा राहायचो. बाकीच्यांनी बेबीच्या मागे यायचं आणि आरशात बघून तिने सांगायचं, कोण आहे. सुरुवातीला ती अंदाजे सांगायची. मग बेकरीवाला डोक्यावर पावाची पाटी घेऊन यायला लागला, सलूनवाला गळ्याला टॉवेल बांधून लंगडणारा पादचारी व्हायला लागला, शाळेतल्या बाई ई-बाइकवरून घंटी वाजवत दोन्ही हात सोडून यायच्या. बेबीला आरशात बघायची अशी चटक लागली की पुढे बघायला सांगावं लागलं. एकदा ती सलूनवाल्याचं लंगडणं बघत राहिली आणि बेडूक सरळ मिरचीच्या वाफ्यात. लंगडा पादचारी दोन्ही पायांनी पळाला.

"सिग्नल कुठे होता?" बेबी ओरडली.

सिग्नल बादलीवर बसून पोट धरून हसत होता.

लेखी परीक्षेत तिला तीसपैकी एकोणतीस मिळाले. कुठला चुकला म्हणून मी फार तावातावाने विचारलं. प्रश्न थांब्यावरून निघणाऱ्या बसला वाट देण्याचा होता. नियम सहा वर्षांपूर्वी बदलला होता, आणि मी तिला जुनाच शिकवला होता. पुढचे चार दिवस रस्त्यावर जो भेटेल त्याला बेबी सांगत होती, "तीसच मिळणार होते हो. एका बस ड्रायव्हरने घात केला."

आता गाडीचे कागद. अर्जात गाडीचा चासी नंबर हवा होता. तो गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला असतो. त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि ठसा अर्जाला चिकटवायचा. आम्ही बेडकाच्या पोटाखाली आडवे होऊन शोधलं, नंबर कुठेच दिसेना. अकरा वर्षांचा चिखल खरवडला. खाली हिरवा रंग निघाला. तोही खरवडला तेव्हा नंबर सापडला, पण खालचा रंग निघाला पिवळा.

"बेबी, ही गाडी पिवळी आहे?"

"होती," बेबी म्हणाली. "फाटकाला लावून रंग उरला होता, वाया कशाला घालवायचा?"

खरेदीच्या पावतीवर रंग पिवळा. गाडी हिरवी. पोलीसबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, रंग बदलला असेल तर त्याचा अर्ज वेगळा, त्याला मंजुरी वेगळी, म्हणजे आणखी दोन महिने. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. रविवारी सकाळी आम्ही सहा जण खरवडायला पत्र्याचे तुकडे आणि सँडपेपर घेऊन शेडमध्ये जमलो. दुपारपर्यंत सगळ्यांच्या केसांत हिरवा चुरा होता आणि बेडूक लिंबासारखा पिवळाजर्द झाला होता.

"आता नाव बदलावं लागणार," शाळेतल्या बाई म्हणाल्या.

"काही नाही," बेकरीवाला म्हणाला. "पिवळे बेडूकही असतात. मी पाहिलेत."

"कुठे पाहिलेत हो?" सलूनवाल्याने विचारलं.

"तुमच्या दुकानामागच्या गटारात."

आणि दोघं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसले. मोपेडचं काय ठरलं कुणास ठाऊक, पण तिसऱ्याच दिवशी ती बेकरीच्या भिंतीला लागलेली दिसली.

तपासणी आणि चालवण्याची परीक्षा एकाच दिवशी होती. गाडी रस्त्याने न्यायची नाही, म्हणून बेडूक आणि ट्रेलर टेम्पोत चढवून नोंदणी कार्यालयाच्या आवारात नेले. आवारात पांढरे पट्टे मारलेले, कडेने लोखंडी कठडा. नातेवाइकांनी कठड्याबाहेर थांबायचं. मी तिथे येरझाऱ्या घालायला लागलो. माझ्या स्वतःच्या परीक्षेला मी त्या घातल्या नव्हत्या.

निरीक्षक उंच, काटकुळे, न हसणारे. त्यांनी दिवे पाहिले, हॉर्न वाजवायला लावला, ठसा चासी नंबराशी ताडून पाहिला. मग म्हणाले, "चला. पट्ट्यावरून जा, वळा, थांबा, चढावर गाडी उभी करून पुन्हा निघा."

बेबी निघाली. आरशात बघितलं. वळली. आरशात बघितलं. थांबली, पुन्हा बघितलं. इतकं मान वळवून वळवून बघत होती की निरीक्षकांनी शेवटी विचारलं, "बाई, मागे कुणाची वाट बघताय का?"

"नाही साहेब. सवय लावून घेतलीय. कष्टाने."

चढावर गाडी एक इंचही मागे आली नाही. निरीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "झालं. ट्रेलरची तपासणी झालेली आहे, तो बाहेर न्यायला माणूस बोलावतो."

"माणूस कशाला?" बेबी म्हणाली. "मीच जोडते आणि नेते."

ट्रेलर एका कोपऱ्यात, दोन मोठ्या गाड्यांच्या पलीकडे ठेवला होता. तिने बेडूक तिथे नेला, खटकन ट्रेलर जोडला. बाहेर यायला पुढून जागाच नव्हती. मागे जायचं, दोन गाड्यांच्या मधल्या अरुंद बोळातून, आणि बोळाच्या तोंडाशी काटकोनात वळण. ट्रेलर जोडलेली गाडी मागे घेणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. हँडल उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे पळतो. मी एकतीस वर्षं बस चालवली, पण हे मला एकदाही नीट जमलं नाही. डेपोत त्यावरून माझी खूप थट्टा व्हायची. हे मी बेबीला कधी सांगितलं नव्हतं.

निरीक्षक म्हणाले, "बाई, थांबा, हे परीक्षेत नाही."

पण बेबी निघाली होती. मान मागे, एक हात हँडलवर, दुसरा सीटच्या कडेला. रोज दहा वेळा वाफ्यांच्या मधून, एकाही रोपाला धक्का न लावता ती हेच करत आली होती. ट्रेलर बोळात शिरला, मधोमध. दोन्ही बाजूंना वितीएवढीही जागा नसेल. वळणाशी आल्यावर तिने हँडल अगदी हलकेच फिरवलं आणि ट्रेलर सांगितल्यासारखा वळला, मागोमाग बेडूक. न थांबता, न अडखळता ती पांढऱ्या पट्ट्याच्या आत येऊन उभी राहिली. आतून दोन कारकून खिडकीशी आले होते. एकाने टाळी वाजवली.

निरीक्षकांनी वाकून पट्ट्याकडे बघितलं. मग विचारलं, "कुठे शिकलात हे?"

"टोमॅटोत," बेबी म्हणाली.

तेव्हा ते हसले. मोठ्याने. आणखी दोन कारकून खिडकीशी आले, बहुधा साहेबांचं हसणं बघायला.

मी कठड्याबाहेर उभा होतो आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. शेजारी आपल्या मुलाची परीक्षा बघायला आलेली एक बाई होती. तिने काळजीने विचारलं, "नापास झाल्या का हो तुमच्या त्या?"

"नाही," मी म्हणालो. "पास झाली. माझी बहीण आहे ती. माझी धाकटी बहीण."

नंबर प्लेट यायला नऊ दिवस लागले. ती लावली त्या सकाळी सातला नेहमीची सगळी मंडळी खालच्या फाटकाशी हजर होती, सवयीने. पोलीसबाईसुद्धा. बेबीने हेल्मेट घातलं, इंडिकेटर दिला, आरशात बघितलं आणि बेडूक रस्त्यावर आणला. एकशे सत्तर पावलं. बेकरी मागे पडली, उजवा इंडिकेटर लुकलुकला, आणि ती वर फाटकातून आत गेलीसुद्धा. अर्धं मिनिटही लागलं नाही.

आम्ही खाली उभे. हात रिकामे.

"एवढंच?" सलूनवाला म्हणाला.

"आता काय करायचं?" शाळेतल्या बाई म्हणाल्या. पोलीसबाईंनी घड्याळात बघितलं. आठला अजून वेळ होता.

वरून बेबीने दोनदा हॉर्न वाजवला. मग तिचा आवाज आला, "अरे, चहा टाकलाय! चालत यायला कुणाला लायसन्स लागतंय का?"

आम्ही चालत वर गेलो. तिथे बेकरीवाल्याची बायको आमच्या आधीच येऊन उभी होती, बेकरीची मोपेड घेऊन. ती सहसा बेकरीच्या आतल्या खोलीतून बाहेर पडत नसे, मी तिला फार तर चार वेळा पाहिलं असेल. ती माझ्याकडे न बघता बेबीला म्हणाली, "ताई, तुमच्या दादांना विचाराल का? मोपेडचं शिकवतील का म्हणून. इथे वाफ्यांतच. रस्त्यावर नको, आधी इथे."

बेकरीवाल्याने तोंड उघडलं. तो काय म्हणणार होता कुणास ठाऊक, पण सलूनवाल्याने त्याच्या हातात गरम चहाचा कप दिला आणि ते राहून गेलं.

"विचारायचं काय त्यात?" मी म्हणालो. "बसा वहिनी. उजवीकडचा तो ब्रेक. पाय वर घ्यायची घाई नाही, टेकला तरी चालेल. कितीही वेळा टेकवा."

ती बसली. मी मागचं कॅरिअर धरलं. मोपेडने एक हिसका दिला, थांबली, पुन्हा एक हिसका दिला आणि निघाली. वहिनी किंचाळल्या, मग हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी वेग वाढवला. मिरचीच्या आणि वांग्यांच्या वाफ्यांच्या मधून मोपेड पुढे आणि सपाता घातलेला मी तिच्या मागे, कॅरिअर धरून, वय वर्षं त्रेसष्ट, जिवाच्या आकांताने पळत होतो. मागून बेबी ओरडत होती, "दादा, सोड आता! सोड, तिला जमतंय!"

मी सोडलं.